सहावा फर्मा

साखर पेठेत, पिठाच्या चक्कीला लागून
माझं बाइंडिंगचं दुकान.
परवा कॉलेजच्या लायब्ररीतून एक पुस्तक आलं,
पाठ उसवलेली, कडा कसरीनं खाल्लेल्या:
जुन्या स्कॉट्स भाषेचं व्याकरण.
फर्मे सुटे केले, ओळीनं लावले.
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा
आणि एकदम सातवा.

खळ शिजेपर्यंत वाचत बसले.
इंग्रजी मला पोटापुरतं येतं.
त्यात लिहिलंय, तिकडे एके काळी
दुसऱ्यासाठी आकड्यातून निघालेला शब्दच नव्हता.
एक पहिला; उरला तो 'इतर'.
टोदर म्हणायचे त्याला.
त्यातला ट त्याचा स्वतःचा नाही,
मागच्या शब्दाचा सुटून याला चिकटला,
खळीचं बोट लागलं की
एका पानाचा कोपरा पुढच्या पानाला येतो तसा.
सेकंड नंतर आला, फ्रेंचांकडून:
मागून येणारा, एवढाच त्याचा अर्थ.

हसू आलं. आमचाही तसाच की.
दुसरा म्हणजे दोन नंबरचा
आणि दुसरा म्हणजे आपल्यातला नव्हे तो.

वडील, भूमय्या यमूल, गिरणीत घडी खात्यात होते.
चादर उजेडात धरायची,
एखादा धागा तुटलेला दिसला
की कोपऱ्यावर शिक्का: सेकंड.
ते स्वतः बिजवर.
पोशव्वा बाळंतपणात गेली,
वर्षाच्या आत नरसम्मा आली, माझी आई.
बिजवरात बी-बियाणं नाही,
भाऊबिजेतली बीज आहे;
जुना दुसरा तिथे अजून भाड्यानं राहतो.

घरात आम्ही तेलुगू.
तेलुगूत रेंडो वेगळा, वेरे वेगळा.
म्हणजे उंबऱ्याच्या आत आई नुसती रेंडो,
घागर घेऊन नळावर गेली, मराठीत शिरली,
की दुसरी.
विड्यांचं सूप मांडीवर, कात्री चालू,
मान वर न करता एकदा वडिलांना म्हणाली,
माझ्यावर कुठं मारलाय शिक्का
तेवढं दाखवा.
वडील तिसऱ्या पाळीला निघून गेले.
भोंगा व्हायला तेव्हा तासभर होता.

पुढचं पान.
फिफ्ट, सॅक्स्ट. शेवटी ट.
सातव्यानं तो उसना घेतला, नवव्यानं, दहाव्यानं:
सेव्हिंट, नाइंट, टेंट.
आमच्याकडे पाचव्या-सातव्याचा वा
असाच सगळ्या रांगेला लागला,
सहाव्यालाही, अकराव्यालाही, हजाराव्यालाही.
पहिले चौघेच तेवढे हट्टी.
रोज हाताळलेल्या भांड्याला
नवा साचा बसत नाही.

मग खरा जुना सहावा गेला कुठे?
सटवीत.
षष्ठी झिजत झिजत सटवी झाली
आणि सहाव्या रात्री बाळाच्या उशाशी येऊ लागली,
कपाळावर लिहायला.
माझ्याही उशाशी आईनं कोरा कागद ठेवला होता, बोरू नव्हता म्हणून
वडिलांची खात्यातली निळी पेन्सिल.
तो कागद ट्रंकेत सापडला मला,
विडी कारखान्याच्या पासबुकाखाली.
म्हटलं, यात काहीच नाही लिहिलेलं.
आई म्हणाली, आहे.
शिकलीस तरी वाचता येत नाही तुला.

लायब्ररीत फोन केला.
सहावा फर्मा नाही, काय करू?
पलीकडून कुणी चिलका म्हणून बोलले:
बांधा तसंच, कोण उघडतंय.

तसंच नाही बांधलं.
पाचव्या आणि सातव्याच्या मध्ये
सोळा पानं कोरी घातली, दोऱ्यात ओवली.
बिलात धरली नाहीत.
शिकंजा आवळला, दिवा मालवला,
पेन्सिल टेबलावरच राहिली.